आकड्याचे पेढे

प्रिय सलिल,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील तर एव्हाना खोलीचं दार लोटून बसला असशील. नसेल ओळखलं तर सांगते, मी मेघना. मोहन्याची. तुझा आताचा नंबर माझ्याकडे नाही, पण असता तरी मी फोन केला नसता. फोनवर तू 'हं, हं' करत राहिला असतास आणि मला जे सांगायचं ते अर्ध्यावर सोडून मी ठेवून दिला असता. पत्ता मात्र अजून पाठ आहे. तुमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली असेल तर पत्र परत येईल, नसेल गेली तर तुझ्या हातात पडेल. घाबरू नकोस. जुनं काही उकरायला बसलेली नाही. निदान फक्त त्यासाठी तरी नाही.

आधी बातमी देते, कारण ती पोटात ठेवून बाकीचं लिहिणं मला जमायचं नाही. मला मुलगी झालीय. सान्वी नाव ठेवलंय. पाच महिन्यांची आहे, गुटगुटीत आहे, आणि आत्ता माझ्या ओढणीचं टोक तोंडात धरून या कागदाकडे असं बघतेय की पुढचा नंबर त्याचाच. हो, मलाच झालीय, दत्तक नाही. त्याच हृदयावर, त्याच लोखंडी झडपेवर. वाचताना एकदा थांब आणि हे वाक्य परत वाच. मीसुद्धा लिहिताना दोनदा लिहून बघितलं.

माझी झडप कशी वाजते हे तुला वेगळं सांगायला नको. डोंबिवलीच्या त्या अभ्यासिकेत, सगळे मान खाली घालून वाचत असताना, तू आधी आपलं घड्याळ कानाला लावलंस, मग भिंतीवरचं बघितलंस, ते बंद होतं, आणि मग माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, मीच वाजतेय. लहानपणी घसा धरायचा, ताप यायचा, सांधे सुजायचे, आई हळद-दूध द्यायची, आणि त्या तापाने आतल्या आत झडप खाऊन टाकली होती. एकविसाव्या वर्षी ती बदलली. धातूची झडप टिकते जन्मभर, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. हे सगळं मी तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि तू म्हणाला होतास, मग काय झालं, मला चष्मा आहे. मी तुझ्या प्रेमात पडले ती या उत्तरावर.

तुझी आई मोहन्याला आली तो दिवसही मला स्वच्छ आठवतो. बाबांनी कारखाना बंद पडल्यापासून घराला रंग दिला नव्हता, तो त्या रविवारसाठी दिला. तुझ्या आईने फळं आणली. माझ्या आईने पाणी दिलं तर सगळ्यांच्या देखत तिने पेला पुरता रिकामा केला, शेवटच्या थेंबापर्यंत, म्हणजे ती जात पाळते असा संशय कोणाच्या मनात राहायला नको. आणि मग फार मऊ आवाजात म्हणाली की आमचा एकुलता एक मुलगा, आणि मेघनाच्या जिवाला धोका, उगाच बाळंतपणात काही झालं तर आम्ही तुम्हाला तोंड कसं दाखवायचं. माझी आई, भीमाबाई, जी नळावर कोणाचं ऐकून घेत नाही, ती मान हलवत राहिली. तू शेजारी बसला होतास आणि एक शब्द बोलला नाहीस. परतीच्या रिक्षातही बसलास, मेसेजलाही उत्तर दिलं नाहीस. कारण झडपेचं खरं होतं की पेल्याचं, हे मला आजही ठाऊक नाही. झडपेचं सांगायला सोपं होतं एवढं कळतं.

राग होता. बरीच वर्षं होता. आता नाही, आणि त्याचं श्रेय मी स्वतःला देत नाही, कमलेशला देते. कमलेश म्हणजे माझा नवरा. शीळफाट्याच्या अलीकडे त्यांचं गाव आहे, आगरी माणसं, पूर्वी मिठागरं आणि भातशेती, आता रेती-खडीचा सप्लाय आणि दोन जेसीबी. मी ठाण्यात आर्किटेक्टकडे नकाशे काढते हे तुला माहीत नसेल. तिथे तो स्वतःच्या घराचा प्लॅन घेऊन आला आणि पुढचं वर्षभर त्या प्लॅनमध्ये बदल सांगायला येत राहिला. आज जिना डावीकडे, उद्या उजवीकडे. शेवटी मी विचारलं, तुम्हाला घर बांधायचंय की नाही. तर म्हणाला, बांधायचंय, पण त्यात तुम्ही राहणार असाल तर जिना कुठे ते तुम्हीच ठरवा. मी त्याला तिथल्या तिथे झडपेचं सांगितलं, मोहन्याचं, आमच्या जातीचंही सांगितलं, म्हणजे पळायचं तर लवकर पळावं. तो घरी गेला. त्याची आई, आवडाबाई, दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जात गेली चुलीत. पन पोरगी जगंल ना?" हा प्रश्न जिने पहिल्यांदा विचारला तिच्या घरात मी राहायला गेले. मोहन्याच्या बुद्धविहारात वंदना घेऊन लग्न लागलं आणि आदल्या रात्री त्यांच्या अंगणात हळदीला अख्खं गाव नाचलं. बाबांनी त्यात हात वर करून दोन पावलं टाकली, ज्याचा व्हिडिओ पोरं अजून त्यांना दाखवून छळतात.

मूल नको असं आम्ही ठरवलं होतं. म्हणजे ठरवलं नव्हतं, बोलतच नव्हतो. मग दिवस राहिले. ज्या गोळीवर मी इतकी वर्षं जगतेय ती गोळी पोटातल्या बाळाला घातक, पहिल्या तीन महिन्यांत तर जास्तच, आणि ती थांबवली तर माझ्या झडपेला घातक. ठाण्याच्या आमच्या डॉक्टर बाईंनी काही गोड करून सांगितलं नाही. म्हणाल्या, रस्ता आहे, पण तो अरुंद आहे आणि सगळ्या बायका त्याच्या पलीकडे पोचत नाहीत, तुम्ही नाही म्हणालात तरी मी तुम्हाला भित्री म्हणणार नाही. कमलेश म्हणाला, तू सांगशील तसं. मी तिसऱ्या दिवशी हो सांगितलं. तुझ्या आईचं वाक्य मला त्या तीन दिवसांत आठवलं नाही असं म्हणणार नाही. आठवलं. पण त्या वाक्यामुळे मी हो म्हटलं नाही, एवढं नक्की. मला ते मूल हवं होतं, एवढंच.

आता इंजेक्शनचं सांगते, आणि हे जरा नीट वाच. गोळीऐवजी हेपॅरिनच्या जातीचं इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळ, पोटाच्या कातडीखाली. हे औषध आईच्या रक्तातच राहतं, बाळापर्यंत जात नाही, म्हणून हे. शिरेत नाही, मांसात नाही, कातडीखालच्या मऊ थरात द्यायचं. तिथून ते सावकाश रक्तात झिरपतं. आधी चढतं, साधारण चार तासांनी सगळ्यात वर पोचतं, मग उतरायला लागतं, आणि पुढच्या सुईच्या वेळेपर्यंत तळाला येतं. मी नकाशेवाली बाई, मला ते डोंगरासारखं दिसायचं. रोज दोन डोंगर. शिखर फार उंच गेलं तर रक्तस्राव, फार ठेंगणं राहिलं तर झडपेवर गुठळी, आणि गुठळी म्हणजे मी तरी गेले नाहीतर अर्धं अंग तरी. म्हणून शिखर किती उंच आहे ते मोजायचं. सुईनंतर बरोबर चार तासांनी रक्त द्यायचं, निळ्या टोपणाच्या नळीत. तपासणीचं नाव अँटी-टेन-ए, पण आमच्या घरात तिला नुसतं 'लेव्हल' म्हणायचे. आकडा एकच्या थोडा वर हवा. त्याच्या खाली नको, फार वर नको.

पहिली सुई कमलेश देणार होता. दरड कोसळलेली असताना जेसीबी घेऊन पुढे जाणारा माणूस, त्याने सुईचं टोपण काढलं, माझ्या पोटाकडे बघितलं आणि कपाटाला धरून खाली बसला. घामाने भिजलेला. मी हसले आणि हसता हसता मला रडू आलं. आवाज ऐकून सासूबाई आल्या. "हट," म्हणाल्या, "मना दाव." नर्सने मला शिकवलेलं मी त्यांना शिकवलं. हात धुवायचे, बेंबीपासून चार बोटं लांबची जागा घ्यायची, रोज बाजू बदलायची. चिंबोरीला, म्हणजे खेकड्याला, धरावं तशी कातडीची घडी दोन बोटांत धरायची, घट्ट पण न चिमटता. सुई सरळ आत, औषध हळूहळू, सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडायची नाही. आणि नंतर चोळायचं नाही, कितीही हात शिवशिवला तरी. सासूबाईंना हे न चोळणंच अवघड गेलं, कारण दुखलं की चोळायचं एवढंच त्यांना जन्मभर माहीत. सकाळची सुई मी घ्यायचे, संध्याकाळची त्या द्यायच्या. माझ्या पोटावर जांभळे, हिरवे, पिवळे डाग झाले, एखाद्या गावच्या नकाशात वेगवेगळ्या वस्त्या रंगवाव्या तसे. सासूबाई रोज त्यातली मोकळी जागा शोधायच्या आणि स्वतःशीच पुटपुटायच्या, "हितं नाय, हितं काल झाला." सुई नेहमी सरळ आत जायची. सुई दिल्यावर मात्र त्या मोरीत जाऊन उगाच बराच वेळ पाणी सोडून उभ्या राहायच्या. ते मला उशिरा कळलं.

लेव्हलसाठी दर आठवड्याला ठाण्याला. घरी सुई घ्यायची, मग गाडीत बसायचं, आणि शीळफाट्याला गाडी अडकली की कमलेशच्या कपाळावरची शीर उडायला लागायची, कारण चार तास म्हणजे चार तास, उशिरा पोचलं की डोंगर उतरायला लागलेला असतो आणि आकडा खोटा येतो. लॅबमधला कुंडलिक नावाचा मुलगा आम्हाला दारात बघितलं की रांग बाजूला करायचा. आणि आकडे यायचे ते कमी. डोस वाढवला की आठवडाभर बरे, पुन्हा कमी. डॉक्टर बाई म्हणाल्या, पोटुशी बाईचं रक्त वाढतं, वजन वाढतं, आणि मूत्रपिंडं औषध भराभर बाहेर टाकतात, त्यामुळे कालचा डोस आज पुरत नाही, आपण पाठलाग करत राहायचं. मी पाठलागच म्हणायचे त्याला. आम्ही सगळे एका आकड्याच्या मागे धावत होतो.

पाचव्या महिन्यात तो निसटला. ऑफिसचा एक मजला चढून मी पायरीवर बसले आणि मला उठता येईना. दम लागला होता, पण भीती त्याची नव्हती. झडपेचा आवाज जाड झाला होता. रोजचं टिकटिक कोणीतरी रुमालात गुंडाळावं तसं. लेव्हल आली शून्य पॉइंट चार. त्याच दिवशी सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली, आणि पडद्यावर झडपेच्या कडेला गुठळीचा एक ठिपका दिसला. हार्टचे मोठे डॉक्टर आले, त्यांनी कमलेशला बाहेर नेलं आणि सांगितलं की आईला वाचवायचं तर हे इथे थांबवायला हवं. तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा बघून मला काही विचारावं लागलं नाही. मी डॉक्टर बाईंना म्हटलं, मला खरं सांगा, काही करता येण्यासारखं उरलंय का. त्यांनी रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाल्या, एक आठवडा. शिरेतून हेपॅरिन देऊ, मग नव्या डोसवर इंजेक्शन, रोज लेव्हल. ठिपका वाढला तर मी म्हणेन ते ऐकायचं. मी म्हटलं, ऐकेन. आणि खरंच ऐकलं असतं, सलिल. मरायची हौस मला नव्हती. बाळाला जन्म देऊन फोटोत जाऊन बसणारी आई मला व्हायचंच नव्हतं.

तो आठवडा कसा गेला ते मी तुला सांगणार नाही, कारण मलाच तो नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की बाबा मोहन्याहून रोज यायचे आणि माझ्या पलंगाजवळ पेपर उघडून बसायचे, आणि पान उलटायचे नाहीत. आई आणि सासूबाई बाहेरच्या बाकावर एकाच डब्यातून जेवायच्या आणि एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या, सुकटीत कोकम किती घालायचं यावरून तर दोघींचं खरोखरचं भांडण झालं. आणि बाळ हललं. त्याच आठवड्यात पहिल्यांदा हललं, आतून बोटाने टिचकी मारावी तसं. मी कोणाला सांगितलं नाही. वाटलं, सांगितलं तर सगळ्यांना आणखी अवघड होईल.

आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांनी पुन्हा पडद्यावर बघितलं. एकदा बघितलं, मशीन फिरवून दुसऱ्या बाजूने बघितलं. ठिपका नव्हता. झडप स्वच्छ उघडत होती, मिटत होती, आणि मला तिचा जुना कोरडा खणखणीत आवाज परत ऐकू येत होता. दुपारी लेव्हल आली. एक पॉइंट एक. कमलेशने तो कागद हातात घेतला आणि वॉर्डच्या दारात उभा राहून म्हणाला, "आकडा लागला." मटक्याच्या अड्ड्यावर म्हणावं त्या सुरात. शेजारच्या पलंगावरच्या आजींना खरंच वाटलं की याला मटका लागला. तो खाली गेला आणि पेढे घेऊन आला, मोठा खोका. नर्सना दिले, वॉर्डबॉयना दिले, त्या आजींना दिले, लॅबमध्ये जाऊन कुंडलिकला दिले. डॉक्टर बाईंपुढे खोका धरला तर त्या म्हणाल्या, अहो, बाळ अजून व्हायचंय, हे कशाचे पेढे. कमलेश म्हणाला, आकड्याचे. ज्या मोठ्या डॉक्टरांनी थांबवा म्हणून सांगितलं होतं त्यांनी दोन घेतले. मला म्हणाले, मी चुकलो याचा मला फार आनंद झालाय. तेही माणूस मोठंच.

पुढचे महिने सोपे नव्हते, पण पाठलागात आता आम्ही पुढे होतो. डोस वाढत गेला, आकडा जागेवर राहिला. शेवटी तारीख ठरवून कळा आणवल्या, कारण सुईच्या अमलाखाली बाळंतपण करता येत नाही. इंजेक्शन बंद, शिरेतलं औषध सुरू, मग तेही बंद. त्या थोड्या तासांत माझ्या रक्तात काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आणि माझी झडप, मध्ये कोणी नाही. मला भीती वाटायला हवी होती. पण मला त्या वेळी फक्त ढकलायचं होतं. भर दुपारी सान्वी आली आणि आल्या आल्या अशी ओरडली की बाहेर सासूबाई म्हणाल्या, आमच्याच घरची हाय. रक्त थोडं जास्त गेलं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या, पण थांबलं. दुसऱ्या दिवशी सुई परत सुरू झाली आणि ती द्यायला सासूबाईच आल्या, वॉर्डातल्या नर्सला बाजूला करून.

बाबांचं सांगायचं राहिलं. त्यांनी नातीला हातात घेतलं आणि तिच्या छातीला कान लावला. पार कपडा बाजूला करून त्यांनी ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हिचं वाजत नाही गं. नुसतं धडधडतंय." आणि इतकी वर्षं, माझ्या ऑपरेशनलाही, कारखान्याला टाळं लागलं तेव्हाही, तुझी आई निघून गेल्यावरही जो माणूस रडला नव्हता, तो त्या पोरीच्या दुपट्यात तोंड घालून रडला. मी पलंगावर पडल्या पडल्या हसत होते. मी जिंकले होते, सलिल. कोणाविरुद्ध ते मला सांगता येणार नाही, पण जिंकले होते.

आता हे सगळं तुला का, ते सांगते. गेल्या महिन्यात मी माझ्या नेहमीच्या तपासणीला त्याच लॅबमध्ये गेले होते. बाकावर एक मुलगी बसली होती, चार तास व्हायची वाट बघत, पोटावर पर्स घट्ट धरून. सान्वी तिच्याकडे झेपावली तशी ती हसली आणि मग डोळे पुसायला लागली. तीन वेळा बाळ गेलंय म्हणाली, रक्तात गुठळ्या करणारा काही दोष सापडलाय, आता चौथ्यांदा दिवस राहिलेत आणि रोज पोटात सुई घ्यावी लागते. स्वतःच घेते, बाथरूमचं दार लावून, कारण घरात कोणाला ते बघवत नाही. सासूबाई म्हणतात, हे असलं सुयांवरचं मूल कशाला, आणि पुढचं त्या मऊ आवाजात बोलतात. मी विचारलं, नवरा काय म्हणतो. तर म्हणाली, ते काही बोलत नाहीत. तक्रारीच्या सुरात नाही, तुला सांभाळून घेत म्हणाली. मग तिने फोनवर लग्नाचा फोटो दाखवला, आणि त्यात तिच्या शेजारी तू होतास. रसिका गोड मुलगी आहे, सलिल. मी तिला फक्त माझं नाव सांगितलं आणि घडी कशी धरायची ते दाखवलं, कारण ती चुकीची धरत होती आणि डाग त्यामुळेच जास्त पडत होते. तिचा त्रास माझ्यापेक्षा वेगळा आहे, माझ्यापेक्षा तिची वाट सोपी आहे असं तिच्या डॉक्टरांनी तिला सांगितलंय, फक्त ती वाट ती एकटी चालतेय. म्हणून वर सगळं इतकं बारीक लिहिलं, बेंबीपासून चार बोटं आणि चोळायचं नाही हे सुद्धा. तुला चक्कर आली तर खाली बस, कमलेशही बसला होता, त्याने काही बिघडत नाही. पण आत राहा. आणि आईंना तू सांग, रसिकाच्या देखत, की हे आपलं मूल आहे आणि त्याला या सुया लागतात. दोन वाक्यं आहेत. मला ती आता नकोत, माझं सगळं झालं. तिला हवी आहेत. येत्या गुरुवारी सकाळी तिची लेव्हल आहे, तारीख तिनेच सांगितली होती. माझीही तपासणी त्याच दिवशी होती, ती मी शुक्रवारवर ढकललीय, म्हणजे तुला तिथे कोणी ओळखीचं भेटणार नाही. रजा टाक आणि तिच्याबरोबर जा.

'तुझीच' लिहायची सवय हाताला होती, ती मोडली. पण तुझं आणि रसिकाचं भलं व्हावं असं मनापासून वाटणारी,

मेघना